लस ठाऊक आहे, पण ती माझ्यासाठी आहे का?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

वृद्ध, मधुमेही, हृदयरुग्ण, गर्भवती स्त्रिया आणि उपचारांमुळे रोगप्रतिकारशक्ती मंदावलेले रुग्ण यांना साध्या वाटणाऱ्या संसर्गाचाही फटका इतरांपेक्षा जास्त बसतो. म्हणूनच अनेक लसींची शिफारस सर्वांत आधी त्यांच्यासाठी केली जाते. तरीही लस न घेतलेल्यांमध्ये हीच माणसे मोठ्या संख्येने आढळतात. हे असे का होते, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ५८ आहे. त्यांना अनेक वर्षांपासून मधुमेह असून मध्यंतरी हृदयविकाराचा झटकाही येऊन गेला. फ्लूच्या लसीचा विषय काढला की "ती म्हाताऱ्या आणि आजारी माणसांसाठी असते," असे ते म्हणतात. लसींना त्यांचा विरोध नाही. त्यांना कसे पटवावे?

उत्तर : 'लसींना त्यांचा विरोध नाही' हे आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. लस न घेणारा प्रत्येक जण लसविरोधक असतो असे आपण गृहीत धरतो आणि मग जो वाद समोरच्याच्या मनातच नाही, तो त्याच्याशी घालत बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये लसीबाबतच्या टाळाटाळीमागची कारणे तीन गटांत मांडली होती : लसीवर किंवा ती देणाऱ्यांवर विश्वास नसणे, आजाराचा धोकाच न जाणवणे आणि लस मिळवण्यात अडचणी असणे. आपल्या वडिलांचे कारण दुसऱ्या गटातले आहे आणि ते अगदी स्वाभाविक आहे. मधुमेह गोळ्यांनी वर्षानुवर्षे आटोक्यात राहिला की आपल्याला आजार आहे ही जाणीवच पुसट होत जाते. जो माणूस पथ्य पाळतो, नियमित तपासण्या करतो आणि रोज कामावर जातो, त्याला 'अधिक धोका असलेल्या व्यक्ती' या शब्दांत स्वतःचा चेहरा दिसत नाही. वय साठीच्या आत असेल तर तो मुळीच दिसत नाही, कारण वयाचा निकष चटकन ध्यानात येतो आणि आजाराचा निकष कोणीतरी सांगावा लागतो.

हे सांगण्याने किती फरक पडतो, याचे एक चांगले उदाहरण डेन्मार्कमध्ये पाहायला मिळाले. तेथे ६५ वर्षांवरील सुमारे साडेनऊ लाख लोकांना २०२२ च्या हिवाळ्याआधी फ्लूच्या लसीविषयी वेगवेगळ्या मजकुराची पत्रे पाठवून परिणाम तपासण्यात आला. या वयोगटातील सुमारे ८० टक्के लोक एरवीही लस घेतच होते, त्यामुळे सर्वांत प्रभावी ठरलेल्या पत्रानेही हे प्रमाण जेमतेम एका टक्क्याच्या आसपास वाढले. पुढच्या हंगामात हाच प्रयोग दीर्घकालीन आजार असलेल्या १८ ते ६४ वयोगटातील सुमारे तीन लाख लोकांबाबत झाला. पत्र न मिळालेल्यांपैकी २७.९ टक्क्यांनी लस घेतली, तर पत्र मिळालेल्यांपैकी ३९.६ टक्क्यांनी. एका साध्या पत्राने एवढा फरक पडतो, याचा अर्थ यातील कित्येकांना लस नकोच होती असे नसून ती आपल्यासाठी आहे हेच त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नव्हते, असा मी घेतो.

वडिलांशी बोलताना फ्लूचा ताप बाजूला ठेवून हृदयाविषयी बोलावे, असे मी सुचवीन. त्यांना झटका येऊन गेला आहे, म्हणजे हा धोका त्यांना कल्पनेने समजून घ्यावा लागणार नाही. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील नोंदींवर आधारलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळले. त्यानंतर २०२१ मध्ये आठ देशांतील सुमारे अडीच हजार रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात प्रामुख्याने झटक्यानंतर रुग्णालयात दाखल झालेल्यांना तेथेच फ्लूची लस किंवा नुसते मिठाचे पाणी टोचण्यात आले होते. पुढच्या वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा हृदयातील स्टेंटमध्ये गुठळी होण्याच्या घटना लस घेतलेल्या गटात ५.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ७.२ टक्के होत्या. हृदयरोगतज्ज्ञ ज्या गोळ्या नेमाने लिहून देतात, त्यांच्याच पंक्तीत ही लस बसवायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता हे कोणी सांगावे, हा प्रश्न उरतो. मुलांचा आग्रह कितीही मायेपोटी असला तरी वडिलांना तो उपदेश वाटू शकतो. नेहमीच्या डॉक्टरांनी स्वतः आणि स्पष्टपणे केलेली शिफारस हे लस घेण्यामागचे सर्वांत बळकट कारण असल्याचे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत पुनःपुन्हा दिसून आले आहे. त्यामुळे पुढच्या तपासणीला आपण सोबत जा आणि वडिलांच्या समोरच डॉक्टरांना विचारा, "यांनी कोणत्या लसी घ्यायला हव्यात?" प्रश्न फ्लूपुरता ठेवू नका. वय आणि आजार पाहून न्यूमोनियाची आणि नागिणीची लसही लागू होत असेल, तर त्यांचाही विचार त्याच भेटीत व्हावा.

प्रश्न : फ्लूची लस घेतली आणि आठवड्याभरातच फ्लू झाला. पुन्हा का घ्यावी?

उत्तर : टोचून दिल्या जाणाऱ्या फ्लूच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यामुळे फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखणे, अंग मोडून येणे, एखादा दिवस बारीक ताप असणे ही मात्र लसीची खरी लक्षणे आहेत आणि ती आधी सांगितली गेली पाहिजेत. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून त्याआधी संसर्ग झाला तर लस आपल्याला वाचवू शकत नाही. शिवाय सर्दी-तापाचे इतर कितीतरी विषाणू त्याच ऋतूत पसरत असतात. लस आणि फिरता विषाणू यांचा मेळ चांगला जमला, तरी त्या हंगामात डॉक्टरांकडे जावे लागेल अशा फ्लूचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, शून्य होत नाही. ज्यांचे हृदय किंवा फुप्फुसे आधीच कमकुवत आहेत त्यांच्यासाठी तेवढी घटही मोठी असते, कारण त्यांच्या बाबतीत प्रश्न चार दिवसांच्या तापाचा नसून रुग्णालयात दाखल होण्याचा असतो.

एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 'लसीमुळेच फ्लू होतो' हा समज माहिती देऊन दूर करण्यात आला. समज खरोखरच कमी झाला. परंतु ज्यांना दुष्परिणामांची मुळातच फार धास्ती होती, त्यांची लस घेण्याची इच्छा त्यानंतर उलट घटली. म्हणजे चुकीची समजूत दुरुस्त झाली तरी तिच्यामागची भीती तशीच राहू शकते. आपली भीती माझ्या उत्तराने गेली नसेल, तर मागच्या वेळी नेमके काय काय झाले ते आपल्या डॉक्टरांना सविस्तर सांगा आणि त्यांनी ते पूर्ण ऐकून घ्यावे, असा आग्रह धरा.

प्रश्न : मला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू आहे. एक डॉक्टर म्हणतात लस घ्या, दुसरे म्हणतात आता नको, प्रतिकारशक्ती कमी आहे. या गोंधळात दोन वर्षे गेली. मी काय करावे?

उत्तर : आपली ही दोन वर्षे वाया जाण्यात आपला काहीच दोष नाही. ज्यांच्यावर एकाहून अधिक तज्ज्ञ उपचार करत असतात, त्यांच्या बाबतीत लस ही कोणाचीच जबाबदारी राहत नाही. संधिवाततज्ज्ञांना वाटते की ते काम नेहमीचे डॉक्टर करतील, आणि नेहमीच्या डॉक्टरांना वाटते की एवढी प्रबळ औषधे चालू असताना तज्ज्ञांना विचारल्याशिवाय हात लावू नये. परस्परविरोधी सल्ले मिळालेला रुग्ण थांबून राहतो, आणि त्याच्या जागी कोणीही असेच वागेल.

मूळ मुद्दा असा की सगळ्या लसी एकाच प्रकारच्या नसतात. गोवर, कांजिण्या, पीतज्वर यांच्या लसींत जिवंत पण दुर्बल केलेला विषाणू असतो. प्रतिकारशक्ती बरीच दबलेल्या व्यक्तींना अशा लसी सहसा देत नाहीत. टोचून दिली जाणारी फ्लूची लस, न्यूमोनियाची लस, हेपॅटायटिस बीची लस आणि नागिणीची नवी लस यांत जिवंत जंतू नसतो, त्यामुळे त्यांच्यापासून संसर्ग होण्याचा प्रश्नच येत नाही. 'प्रतिकारशक्ती कमी, म्हणून लस नको' हे वाक्य पहिल्या प्रकारच्या लसींना लागू होते. ते सरसकट सर्व लसींना लावले गेल्याने ज्यांना लसीची सर्वाधिक गरज आहे तेच तिच्यापासून दूर राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खरी अडचण सुरक्षिततेची नसून परिणामकारकतेची आहे. दबलेली प्रतिकारशक्ती लसीला कमी प्रतिसाद देते, म्हणून वेळ साधावी लागते. संधिवात आटोक्यात असेल तर फ्लूच्या लसीनंतर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवल्यास प्रतिसाद सुधारतो, असे अभ्यासांत दिसले आहे. परंतु औषध थांबवायचे की नाही हे आपल्या संधिवाततज्ज्ञांनीच ठरवायचे आहे, आपण परस्पर थांबवू नका. संधिवातावरचे रिटुक्सिमॅबसारखे औषध असेल तर बहुतेक लसी पुढच्या मात्रेच्या आधी योग्य अंतर ठेवून देतात. प्लीहा (संसर्गाशी लढायला मदत करणारा पोटातील अवयव) काढण्याची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर शक्यतो किमान दोन आठवडे आधी लसी पूर्ण करतात. म्हणून आपल्या तज्ज्ञांकडून एका कागदावर कोणत्या लसी घ्यायच्या, कोणत्या टाळायच्या आणि कधी घ्यायच्या हे लिहून घ्या, आणि तोच कागद दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. घरातील इतरांनीही आपापल्या लसी घेतल्या तर आपल्या शरीराचा प्रतिसाद जेथे उणा पडतो, तेथे त्यांचा थोडा आधार मिळतो.

प्रश्न : मी सात महिन्यांची गर्भवती आहे. डॉक्टरांनी फ्लूची आणि डांग्या खोकल्याची लस सुचवली आहे. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, या दिवसांत औषधसुद्धा घेऊ नये, मग लस कशाला?

उत्तर : ताई, वडीलधाऱ्यांच्या म्हणण्याला एक पार्श्वभूमी आहे. गर्भवतींना औषधांच्या चाचण्यांतून दीर्घकाळ वगळण्यात आले, त्यामुळे 'पुरेशी माहिती नाही, म्हणून टाळा' हाच सल्ला डॉक्टरही देत राहिले. अनेक नव्या औषधांना तो आजही लागू आहे. मात्र आपल्याला सुचवलेल्या या दोन लसींबाबत परिस्थिती वेगळी आहे. त्या गरोदरपणात दिल्याचा अनुभव आता मोठा आहे.

गरोदरपणात फ्लू झाला तर तो आईमध्ये अधिक तीव्र होऊ शकतो, हे एक कारण. दुसरे कारण बाळाचे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला फ्लूची लस देता येत नाही, आणि त्या काळात त्याच्याकडे आईकडून नाळेवाटे आलेली प्रतिपिंडेच (अँटिबॉडीज) काय ती असतात. बांगलादेशातील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गरोदरपणात फ्लूची लस घेतलेल्या मातांच्या बाळांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत तपासणीने सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. डांग्या खोकल्याची साथ आली आणि तान्ही बाळे दगावू लागली, तेव्हा ब्रिटनने ऑक्टोबर २०१२ पासून गर्भवतींना ही लस द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षाच्या आकडेवारीनुसार तीन महिन्यांच्या आतील बाळांमध्ये तिची परिणामकारकता सुमारे ९१ टक्के होती. अनेक देशांत ही लस २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान सुचवली जाते, आणि आपण नेमक्या त्याच काळात आहात.

घरात वाद घालण्यापेक्षा पुढच्या तपासणीला घरातील ज्या व्यक्तीचा शब्द मानला जातो तिलाच सोबत न्या, आणि 'बाळासाठी ही लस काय करते' हे डॉक्टरांना तिच्यासमोर सांगू द्या. विरोधामागे बहुधा बाळाचीच काळजी असते, त्यामुळे बोलणेही बाळापासूनच सुरू व्हावे.

प्रश्न : लस नाकारणाऱ्यांना अडाणी ठरवले जाते. पण आरोग्यव्यवस्थेकडून ज्यांना वाईट अनुभव आले, त्यांनी विश्वास का ठेवावा?

उत्तर : आपला रोष रास्त आहे. अविश्वास नेहमीच अज्ञानातून येत नाही. पुष्कळदा तो आठवणीतून येतो. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिस असताना, आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, केवळ निरीक्षणासाठी उपचारांविना ठेवण्यात आले. असा इतिहास असलेल्या समाजाने सरकारी दवाखान्याकडे सावधपणे पाहिले, तर त्यात आश्चर्य नाही. वाईट अनुभव इतका मोठाही असावा लागत नाही. म्हाताऱ्या रुग्णाशी तुसडेपणाने बोलणे, त्याची भाषा न येणे, त्याच्या वेदनेकडे दुर्लक्ष करणे, हे सगळे पुढे लसीच्या वेळी आठवते.

विश्वास मागून मिळत नाही. त्यासाठी लसीचे दुर्मीळ धोकेही न विचारता सांगितले पाहिजेत. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूविरुद्ध सुमारे साडेचार कोटी लोकांना लस दिली गेली आणि दर एक लाखामागे साधारण एकाला गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार जास्तीचा आढळला. ती मोहीम थांबवण्यात आली. आजच्या फ्लूच्या लसींबाबत हा धोका आढळला तरी दहा लाखांमागे एक-दोन इतकाच असतो, आणि प्रत्यक्ष फ्लू झाल्यानंतर हाच आजार होण्याचा धोका त्याहून अधिक आहे. हे आकडे रुग्णापासून लपवले आणि मग ते त्याला दुसरीकडून कळले, तर तो पुन्हा आपल्याकडे का यावा? आपण विचाराल ते सर्व प्रश्न न कंटाळता ऐकणारी एक तरी व्यक्ती शोधा, मग ती परिचारिका असो वा औषधविक्रेता. निर्णय तिच्याशी बोलून घ्या. तो नकाराचा झाला तरी पुन्हा विचारायला जाण्याची वाट मोकळी ठेवा.

प्रश्न : सुई पाहिली की मला चक्कर येते. म्हणून मी लस टाळतो. हे सांगायलाही लाज वाटते.

उत्तर : लाज वाटण्याचे कारण नाही, उपलब्ध अभ्यासांच्या एका आढाव्यात सुमारे १६ टक्के प्रौढ रुग्णांनी सुईच्या भीतीपोटी फ्लूची लस टाळल्याचे दिसले होते. टोचण्यापूर्वीच सांगा आणि पडूनच लस घ्या. चक्कर येणाऱ्यांसाठी मांड्या, पोट आणि मोकळ्या हाताचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळून सैल सोडण्याचा आणि हे पुनःपुन्हा करण्याचा उपाय उपयोगी पडतो, कारण त्याने रक्तदाब घसरत नाही. लस टोचायचा दंड मात्र सैलच ठेवा.

प्रश्न : मी डायलिसिस विभागात परिचारिका आहे. आमच्याकडे लसीची माहितीपत्रके भिंतींवर लावलेली आहेत, तरीही बरेच रुग्ण लस घेत नाहीत. आम्ही कोठे कमी पडतो?

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात, याबद्दल आपले आभार. आपले रुग्ण बहुधा आठवड्यातून तीनदा आपल्याकडे येतात, प्रत्येक वेळी कित्येक तास थांबतात आणि घरी परततात तेव्हा थकलेले असतात. त्यांना लसीसाठी वेगळ्या दिवशी, वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या रांगेत बोलावले, तर ते येणार नाहीत, आणि त्याचा दोष त्यांना देता येणार नाही. माहितीपत्रक वाचून मत बदलते का, यावर आपण फार विचार करतो. लसीकरण वाढवण्याच्या उपायांचा आढावा घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचा २०१७ मधील निष्कर्ष मात्र असा होता की लोकांची मते बदलण्याच्या प्रयत्नांपेक्षा, घ्यायला तयार असलेल्यांची वाट सोपी करणे अधिक फळते.

म्हणून लस डायलिसिसच्या खुर्चीपाशीच मिळावी, यासाठी आपल्या विभागप्रमुखांकडे आग्रह धरा. ठरलेल्या निकषांत बसणाऱ्या रुग्णाला दर वेळी डॉक्टरांची स्वतंत्र चिठ्ठी न मागता परिचारिकेने लस देण्याची लेखी व्यवस्था आपल्या संस्थेच्या नियमांत बसत असेल, तर अर्धे काम तेथेच होते. विचारण्याची पद्धतही बदलून पाहा. "लस घ्यायची आहे का?" यापेक्षा "आज आपल्या फ्लूच्या लसीचा दिवस आहे, काही शंका असेल तर आधी बोलू," असे म्हटले की लस हा उपचाराचाच नेहमीचा भाग वाटतो, आणि नकार देण्याचा हक्कही अबाधित राहतो. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांवरील २०१० च्या अभ्यासात, ज्यांना लसीची वेळ आधीच नेमून दिली होती त्यांच्यापैकी ४५ टक्क्यांनी लस घेतली. ज्यांना वेळ स्वतः ठरवायची होती त्यांच्यापैकी ३३ टक्क्यांनी. आठवण करून देणारा फोन, पत्र किंवा संदेश यांमुळे लसीकरण सरासरी ८ टक्क्यांनी वाढते, असे २०१८ च्या व्यापक आढाव्यात आढळले. हे उपाय साधे आहेत, पण ते कोणा एकाच्या नावावर नेमून दिले नाहीत तर गर्दीच्या दिवसांत सर्वांत आधी तेच गळतात.

हेपॅटायटिस बीच्या लसीकडे विशेष लक्ष द्या. डायलिसिसवरील रुग्णांचा प्रतिसाद कमी असल्याने मात्रा वाढवून द्यावी लागते आणि नंतर प्रतिपिंडांची पातळी तपासावी लागते. मात्रांची मालिका अर्धवट राहिलेल्यांची यादी काढली, तर त्यात नकार दिलेले किती आणि नुसतेच विस्मृतीत गेलेले किती, हे आपल्याला लगेच दिसेल.

शेवटी दोन गोष्टी. विभागातील डॉक्टर आणि परिचारिका यांनी स्वतः लस घेतली आहे का, हे रुग्ण विचारतात. त्याचे उत्तर 'हो' असे देता आले पाहिजे. आणि ज्या रुग्णांनी अलीकडे येणे कमी केले आहे किंवा ज्यांना अंथरुणातून उठवत नाही, त्यांची नावे वेगळी लिहून घरी जाऊन लस देण्याची सोय कोणत्या यंत्रणेकडून होऊ शकते हे आत्ताच विचारून ठेवा, कारण फ्लूचा हंगाम सुरू झाल्यावर ती व्यवस्था उभी करायला वेळ उरत नाही.